चढावर ट्रेलर आणि ऑटोमॅटिक गिअर
आपले बरेच कोकणी बांधव आखाती देशांत गाड्या चालवतात; शिकलेले मात्र क्लचच्या गाडीवर. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलातून पुढे जाते. जड ट्रेलर ओढताना चढावर वेग पडला की कन्व्हर्टर घसरतो, तेल घुसळून तापते. ८० ते ९५ अंश सेल्सिअस ठीक. १२० च्या पुढे तेल लवकर नासते, सील कडक होतात, क्लचपट्ट्या जळतात. मग खर्च कोणाचा, हा मालकाशी वाद आलाच! म्हणून आम्ही सुचवतो, चढाआधीच खालचा गिअर घ्यावा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर रोखून धरू नये. तेल तापल्याचा दिवा लागल्यास बाजूला थांबून, हँडब्रेक लावून गिअर ‘पी’वर आणावा. इंजिन चालूच ठेवावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते.