राजधानीपलीकडचे शहर : वऱ्हाडातून पाहिलेले मँचेस्टर

३.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
● ‘एखादे शहर का पाहावे?’ या प्रश्नाचे साधार उत्तर देता येईल.
● मँचेस्टर आणि वऱ्हाडचा कापूस यांच्यातील ऐतिहासिक संबंध सांगता येईल.
● स्थळाची माहिती आणि स्थळाचा अर्थ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
● आपल्या परिसरातील एखाद्या स्थळाविषयी या दृष्टीने लेखन करता येईल.

३.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप आपण आधीच्या घटकात पाहिले. मराठीत विलायतेच्या प्रवासाविषयीचे लेखन जुने आहे. पंडिता रमाबाईंचे ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ साली प्रसिद्ध झाले, पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ तर घरोघरी पोहोचले. तरीही विलायत म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम लंडनच उभे राहते. राजधानी पाहिली म्हणजे देश पाहिला, अशी आपली समजूत असते.

ही समजूत कितपत खरी आहे? केवळ मुंबई पाहून परतलेल्या पाहुण्याला महाराष्ट्र कळला, असे दर्यापूरचा माणूस मान्य करणार नाही. पूर्णेकाठची काळी जमीन, खारपाणपट्ट्यातले मचूळ पाणी, दिवाळीच्या सुमारास पांढरी होणारी पऱ्हाटी यांतले काहीच त्याने पाहिलेले नसते. हाच न्याय आपण इंग्लंडलाही लावला पाहिजे. म्हणून या घटकात आपण लंडनच्या वायव्येस, रेल्वेने सुमारे दोन तासांच्या अंतरावर असलेल्या मँचेस्टर शहराचा विचार करणार आहोत. हे शहर निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. या शहराचे आणि वऱ्हाडचे नाते दीडशे वर्षांहून अधिक जुने आहे.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ नात्याचा धागा

दर्यापूर परिसरातील ज्येष्ठांना ‘शकुंतला’ गाडी आठवत असेल. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मार्गावरून, दर्यापूरला लागून असलेल्या बनोसा स्थानकातून ही गाडी धावत असे. मार्गाची एकूण लांबी सुमारे १९० किलोमीटर. वऱ्हाडातील कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणणे हा तो बांधण्यामागील एक प्रमुख हेतू होता. या गाडीला जोडलेले वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झाले, १९२३ साली ते सेवेत आले आणि १९९४ पर्यंत त्याने गाडी ओढली. म्हणजे बनोसा स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या कित्येक पिढ्यांनी मँचेस्टरची एक वस्तू नित्य पाहिली होती. ती कोठून आली, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक होते.

नावांचा प्रवास उलट दिशेनेही झाला. लिव्हरपूलच्या कापूस बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. हे नाव ‘उमरावती’, म्हणजे आपली अमरावती, यावरून पडले. अमरावती कधीही न पाहिलेले दलाल तिच्या नावाने सौदे करीत होते.

३.२.२ कापसाचा दुष्काळ

हे नाते समजण्यासाठी एक प्रसंग लक्षात घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतील गुलामांच्या श्रमातून येत असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि हा पुरवठा तुटला. मँचेस्टरच्या भोवतालच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार बेकार झाले. इतिहासात या काळाला ‘कापसाचा दुष्काळ’ असे म्हणतात.

याच काळात भारतातील कापसाकडे इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष अधिक वेधले गेले. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता. पुढे कापसासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला गेला, १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि खामगाव, अमरावती येथील बाजारांना शाखामार्ग जोडले गेले. मात्र १८६५ साली युद्ध संपले आणि चढलेले भाव उतरले. वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड असल्याने लँकेशायरच्या गिरण्या पुन्हा अमेरिकी कापसाकडे वळल्या. वऱ्हाडचा माल पुढे अधिक प्रमाणात युरोपातील इतर देशांकडे, जपानकडे आणि मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. शेतकऱ्याच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र कायम राहिली : त्याच्या पिकाचा भाव आता त्याला न दिसणाऱ्या ठिकाणी ठरू लागला.

३.२.३ मँचेस्टरमध्ये काय पाहावे?

हा संदर्भ मनात ठेवून शहरात उतरले, तर तेथील वास्तू वेगळ्या रीतीने बोलू लागतात.

(अ) लिव्हरपूल रोड स्थानक : १८३० साली सुरू झालेल्या लिव्हरपूल–मँचेस्टर लोहमार्गाचे हे टोकाचे स्थानक. प्रवासी रेल्वेचे जगातील सर्वांत जुने टिकून असलेले स्थानक म्हणून ते ओळखले जाते. बंदरात उतरलेला कापूस गिरण्यांपर्यंत नेणे हे या मार्गाचे एक मोठे काम होते. आता येथे विज्ञान व उद्योग संग्रहालय आहे.

(आ) रॉयल एक्स्चेंज : कापूस आणि कापड यांच्या सौद्यांचे हे भव्य सभागृह. १९६८ साली येथील व्यवहार कायमचे थांबले. अखेरच्या दिवसाचे भाव दाखविणारा फलक आजही उंचावर तसाच आहे. १९७६ पासून या सभागृहात पोलाद व काचेचे गोलाकार मांडणीचे नाट्यगृह उभे आहे. जेथे दलालांचा गलका होता, तेथे आता नाटके होतात.

(इ) ग्रंथालये : १६५३ साली स्थापन झालेल्या चेथम ग्रंथालयात १८४५ मध्ये मार्क्स आणि एंगल्स एकत्र अभ्यास करीत. १९०० साली वाचकांसाठी खुले झालेले जॉन रायलंड्स ग्रंथालय एका कापड व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने उभारले. कापसाच्या पैशातून ज्ञानाची केंद्रे कशी निर्माण झाली, हे येथे दिसते.

(ई) लिंकन चौक : १८६२ च्या अखेरीस मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. अमेरिकी कापूस बंद झाल्याने त्यांच्या स्वतःच्या घरच्या चुली विझल्या होत्या, हे येथे विसरता येत नाही. १९ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी त्यांना आभाराचे पत्र लिहिले. या चौकात लिंकन यांचा पुतळा आहे.

(उ) गांधीजींचा पुतळा : १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन येथे गिरणी कामगारांना भेटले. भारतातील बहिष्काराची झळ या कामगारांना बसली होती. तरीही त्यांनी पाहुण्याचे प्रेमाने स्वागत केले. २०१९ साली मँचेस्टरच्या कॅथीड्रलसमोर गांधीजींचा पुतळा उभारण्यात आला. तो घडविला धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेल्या राम सुतार यांनी.

याखेरीज फुटबॉलचे सामने, रशोम भागातील भारतीय उपखंडातील खाद्यपदार्थांची दुकाने आणि विद्यापीठ परिसरातील तरुणाईची वर्दळ यांमुळे हे शहर आजही जिवंत आहे. १९४८ साली आज्ञावली स्वतःच्या स्मृतीत साठविणारा पहिला संगणक याच विद्यापीठात चालला. गिरण्या थांबल्या, तरी शहर थांबले नाही.

३.२.४ जे दिसत नाही

येथे अभ्यासकाने एक प्रश्न विचारला पाहिजे : या शहरात वऱ्हाड कोठे आहे? भावफलकावर आकडे आहेत; परंतु पहाटे ओटी बांधून कापूस वेचायला जाणारी बाई त्यावर नाही. ग्रंथालयाच्या भिंतीवर दात्याचे नाव आहे. ज्यांच्या श्रमातून ते धन आले, त्यांची नावे नाहीत. २०२३ साली मँचेस्टर म्युझियममध्ये दक्षिण आशियाविषयीचे कायमस्वरूपी दालन सुरू झाले. त्याच्या रचनेत दक्षिण आशियाई वारशाच्या तीस व्यक्तींचा सहभाग होता. म्हणजे आता त्या शहरानेही आपली गोष्ट दुसऱ्या बाजूने ऐकण्यास आरंभ केला आहे. ती बाजू पूर्ण करण्याचे काम मात्र केवळ तेथील लोकांचे नाही. सरकी, रेचा, गठाण, अडत्या हे शब्द ज्यांच्या घरात बोलले जातात, त्यांनी ती लिहावयाची आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला मँचेस्टर पाहण्याचे, किंवा निदान त्याविषयी वाचण्याचे, सर्वांत मोठे कारण हेच होय.

या उलट तपासणीतून आपल्या गावाकडे पाहण्याची दृष्टीही येते. मँचेस्टरने आपले जुने स्थानक आणि बंद पडलेला बाजार जपून त्यांना नवे काम दिले. आपल्याकडे शकुंतलेची चाके थांबली. तिच्या आठवणी ज्यांच्याजवळ आहेत, ते वृद्ध होत चालले आहेत. त्या लिहून ठेवल्या नाहीत, तर पुढच्या पिढीला हा मार्ग केवळ गवतात बुडालेले रूळ म्हणून उरेल.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) वऱ्हाडच्या कापसाला ‘उमरा’ हे नाव कशावरून पडले?
(आ) मँचेस्टरच्या कामगारांच्या १८६२ मधील भूमिकेचे वेगळेपण दोन-तीन वाक्यांत सांगा.

३.३ सारांश

शहर पाहण्याची कारणे केवळ प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नसतात. पाहणारा कोठून आला आहे, यावर त्याला काय दिसेल हे अवलंबून असते. लंडनमध्ये सत्ता दिसते. मँचेस्टरमध्ये ती सत्ता ज्या व्यापारावर उभी होती, तो व्यापार दिसतो. त्या व्यापाराचे दुसरे टोक वऱ्हाडच्या काळ्या मातीत होते. चांगले प्रवासवर्णन ही दोन्ही टोके एकत्र आणते.

३.४ महत्त्वाचे शब्द व त्यांचे अर्थ

पऱ्हाटी – कपाशीचे झाड. गठाण – दाबून बांधलेली रुईची गाठ. रेचा – सरकी वेगळी करण्याचे साधन. खारपाणपट्टा – भूगर्भातील पाणी खारट असलेला पूर्णा खोऱ्यातील प्रदेश.

३.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) उमरावती (अमरावती) या बाजारपेठेच्या नावावरून. (आ) कापूस न आल्याने स्वतः उपाशी असतानाही त्यांनी गुलामांच्या मुक्तीचा पक्ष घेतला. स्वार्थापेक्षा न्यायाला महत्त्व दिले.

३.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील जुना जिन, प्रेस, बाजार किंवा रेल्वे स्थानक यांपैकी एका स्थळास भेट द्या. तेथे काम केलेल्या एका ज्येष्ठ व्यक्तीशी बोला. बोलणे त्यांच्याच शब्दांत, वऱ्हाडी बोलीसह, टिपून घ्या आणि त्या आधारे सुमारे ४०० शब्दांचा लेख लिहा. त्या ठिकाणाहून निघालेला माल कोठे जात असे, हे अवश्य विचारा.