जागा, अवकाश आणि आकाश

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो,

हल्ली घरोघरी नातवंडे म्हणतात, "आजोबा, आम्हाला जरा स्पेस द्या." शब्द इंग्रजी, पण आपल्याकडे त्या एकासाठी किती शब्द आहेत बघा. घराला जागा, गाडीत बसायला जागा, नोकरीची रिकामी जागा. गुणांना वाव, कामातून सवड, वागण्यात मोकळीक. "लग्नाला अजून अवकाश आहे" म्हटले की तोच अवकाश वेळ होतो. आणि रात्री जो झोपला नाही, तोही जागाच!

न्हावा-शेवा परिसरात 'जागा' या शब्दाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. नवी मुंबई आणि बंदरासाठी इथल्या जमिनी गेल्या, शेवा कोळीवाडा उठला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. १९८९ साली बंदर सुरू झाले.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वायू, आणि तिसरा गुरू आकाश. ढग येतात-जातात, आकाशाला डाग लागत नाही. घागरीतले आकाश आणि बाहेरचे आकाश एकच. आपल्या बंदरावरचा वीस फुटी कंटेनरच घ्या ना. पत्र्याला नंबर आहे, मालक आहे. आतल्या पोकळीला काय आहे? पत्रा भंगारात गेला तरी पोकळी भंगारात जात नाही. देह आणि आत्मा यांचेही तसेच.

आता घरातले बोलू. बँकेच्या नोकरीत वारसांचे पुष्कळ अर्ज पाहिले. प्लॉटवरून भावाभावांत अबोला, बहिणीची सही हवी पण बहीण जेवायला नको, हेही पाहिले. हक्काची जागा मागण्यात गैर काही नाही. माणसांनी त्यासाठी प्राण दिले आहेत. बहिणीचाही हक्क तितकाच खरा. पण जागा फुटांत मोजून वाटता येते, अवकाश मनातून द्यावा लागतो. आकाश सर्वांना सामावून घेते आणि कुणाकडे सातबारा मागत नाही.

यंदाच्या दत्तजयंतीला प्रसादाच्या पंगतीत अबोला धरलेल्या भावंडाला हाक मारावी, थोडे सरकून शेजारी बसवावे. आकाशगुरूची एवढी सेवा आपल्याला सहज जमेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥