लाल गोळी

नगर-पुणे रस्त्यावर केडगाव आहे. तिथल्या एका घरातली ही गोष्ट समजा.

सुनेला पाचवा महिना होता. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागे. दवाखान्यात रक्त तपासले. ते 9 भरले. गरोदर बाईचे रक्त निदान 11 हवे.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक देतात, 180 दिवस. बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. हिचे रक्त कमी, म्हणून डॉक्टरबाईंनी रोज दोन सांगितल्या. आपल्या देशात सरकार 1970 सालापासून या गोळ्या देत आहे. तरी 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांचे रक्त कमीच आढळले. गोळी मिळते, पण घरी आणून पडून राहते.

इथेही तसेच झाले.

"आत्याबाई, शौचाला काळं होतंय. मळमळतंय. मला ही गोळी बाधली."

"मी म्हणतच होते. या गोळीनं पोर काळं होतं."

तेवढ्यात आशाताई आल्या. त्या हसल्या. "जे लोह अंगात जिरत नाही, ते बाहेर पडतं. म्हणून शौचाला काळं होतं. त्याला भ्यायचं नाही. मळमळ होते, तर रात्री जेवल्यावर घे. पोराचा रंग आईबापाचा, गोळीचा नव्हे. पण रक्त कमी राहिलं, तर बाळंतपणात थोडा रक्तस्रावही बाईला सोसत नाही."

"चहाबरोबर घेतली तर?" सासूबाईंनी विचारले.

"चहा लोहाला अंगी लागू देत नाही. तासभर मागंपुढं प्या. लिंबू चांगलं. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी."

सासूबाई म्हणाल्या, "मग मीही घेते की दोन."

"तपासल्याशिवाय नको. थॅलेसेमियाच्या रोग्याला सारखं रक्त भरतात. त्याच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं. एकाचं औषध दुसऱ्याला चालतंच असं नाही."

बोलता बोलता आशाताई एकदम उठल्या. थोरल्या जावेचा दोन वर्षांचा पोरगा गोळ्यांचे पाकीट चावत होता. त्यांनी ते काढून घेतले. गोळ्या मोजल्या. सगळ्या जागेवर होत्या.

"त्याला ही लिमलेटची गोळी वाटते. आईला जे औषध, ते जास्त पोटात गेलं तर लेकराला विष. उलट्या होतात, जीवही जातो. कधी खाल्लीच, तर घरी उपाय करीत बसू नका. उलटीची वाटही पाहू नका. पाकीट घ्या, 108 ला फोन करा, दवाखाना गाठा."

सासूबाईंनी पाकीट डब्यात घातले. डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला अन् सुनेला म्हणाल्या, "रात्री जेवलीस की मला हाक मार. मी काढून देईन."