दिव्यांग बालक आणि कवायतीचा तास

कवायतीच्या तासास सर्व वर्ग मैदानावर जातो आणि एखादे मूल कडुनिंबाखाली दप्तरे राखीत बसते. ते पायाने अधू असते किंवा त्यास दिसत नसते. त्यास बसविण्यात शिक्षकाचा हेतू दयेचाच असतो. परंतु त्यामुळे स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात आणि ‘हे माझे काम नव्हे’ अशी समजूत बालमनात घर करते. ही प्रथा मोडणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश होय.

१. उपचार आणि खेळ

खेड्यातील पालक अशा बालकास नागपुरास आणतात. रामदासपेठ, धंतोली या भागांतील रुग्णालयांत उपचार होतात व मूल गावी परतते. तेथून पुढचे काम शाळेचे आहे. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४८ साली १६ जायबंदी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्याच उपक्रमातून १९६० साली रोम येथे पहिली पॅरालिंपिक स्पर्धा भरली.

सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारतास पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. आपल्या विदर्भातील अमरावतीच्या अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिको येथील जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले.

अंध पोहणाऱ्यास भिंत दिसत नाही. म्हणून काठावरील साहाय्यक लांब काठीच्या मऊ टोकाने स्पर्श करून सूचना देतो. अंतर तेच, पाणी तेच. बदलते ती सूचनेची रीत. हेच तत्त्व शाळेच्या मैदानावर योजावे.

२. मैदानावरील योजना

(अ) अंध बालक : चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावा, म्हणजे त्याचा आवाज येतो. धावताना सोबत्याने व त्याने एका आखूड दोरीची दोन टोके धरावीत.

(आ) कर्णबधिर बालक : शिट्टी वाजविताना रंगीत रुमाल खाली आणावा.

(इ) पायाने अधू बालक : बसून चेंडूफेक करू द्यावी. लगोरीत त्याची नेमरेषा जवळ आखावी.

(ई) आकलन मंद असलेले बालक : कृती करून दाखवावी. एका वेळी एकच सूचना द्यावी.

३. दक्षता

आरंभापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. आकडी येणाऱ्या मुलास पाण्यात एकटे सोडू नये. पाठकण्यास इजा असल्यास घाम नीट येत नाही. सबब विदर्भाच्या उन्हाळ्यात व्यायाम सकाळी व सावलीतच घ्यावा. ज्या पायास संवेदना नाही, तो खेळानंतर तपासावा. जखम झाली तरी मुलास कळत नाही.

४. कर्तव्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शाळेने अशा बालकास इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्यावयाची आहे. ती संधी म्हणजे उपकार नव्हे, बालकाचा हक्क होय.

अभ्यास

१. आपल्या शाळेत कवायतीच्या वेळी कोणते मूल बसून असते? का?

२. त्यास सहभागी करून घेण्यासाठी एका खेळाचा कोणता नियम बदलाल?

३. तो खेळ सर्व वर्गासह एक महिना घ्यावा आणि त्या मुलाच्या हालचालीत पडलेला फरक वहीत नोंदवावा.