दीर्घायुषी घरगुती संगणक : प्रोसेसरची निवड

गावात एखाद्या घरी संगणक घ्यावयाचा ठरला म्हणजे पालक सल्ल्यासाठी बहुधा शाळेकडे वळतात. सुटे भाग आणून संगणक जुळविणे हे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ती प्रोसेसरची निवड. कुटुंबाची शिल्लक त्यात एकदाच खर्च व्हावयाची असते. म्हणून हा सल्ला शिक्षकाने पूर्ण विचारांती द्यावा.

‘जो सर्वांत वेगवान, तोच सर्वांत टिकाऊ’ असा समज सर्वत्र आढळतो. तो किती फसवा आहे हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल.

इंटेलचा सातव्या पिढीतील कोअर आय७-७७००के हा प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठव्या पिढीतील कोअर आय३-८१०० आला. दोहोंत कोअर चारच. परंतु पहिला अधिक वेगवान आणि किमतीने जवळजवळ तिप्पट. पुढे २०२१ मध्ये विंडोज ११ आली. तिच्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत आठव्या पिढीस स्थान मिळाले. सातवी पिढी, थोडे अपवाद सोडता, वगळली गेली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपले, आणि महागडा प्रोसेसर धडधाकट असूनही मागे पडला. त्याच्या मालकास लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. पण घेताना हा विचार त्याने केला नव्हता.

मग त्याच मदरबोर्डवर नवा प्रोसेसर का बसवू नये? दोन्ही पिढ्यांच्या सॉकेटमध्ये स्पर्शबिंदू ११५१ च होते. तथापि आठव्या पिढीस नवा मदरबोर्ड लागे. याउलट एएमडीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ मधील अनेक मदरबोर्ड, त्यांवरील बायॉस अद्ययावत केल्यावर, २०२० मधील रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर स्वीकारू लागले. चौकट मजबूत असली म्हणजे दाराची फळी तेवढी बदलता येते, तसेच हे आहे.

यावरून पुढील नियम निघतात :

१. जुन्या पिढीतील श्रेष्ठ प्रोसेसरापेक्षा चालू पिढीतील मध्यम प्रोसेसर पसंत करावा.

२. सॉकेट नव्या काळातील असावे. एएमडीचे एएम५ हे २०२२ मध्ये आले व त्यास डीडीआर५ स्मृती लागते. सॉकेटच्या अखेरच्या काळात घेतलेल्या मदरबोर्डवर पुढे बदलास वाव उरत नाही.

३. घरगुती कामास ६५ वॅटच्या वर्गातील प्रोसेसर पुरेसा होतो. उष्णता कमी, म्हणून पंख्याचा आवाज व विजेचा खर्चही कमी.

४. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे की नाही हे पाहावे. इंटेलच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असल्यास ते नसते, व ग्राफिक्स कार्ड निराळे घ्यावे लागते.

५. वाचलेला पैसा चांगल्या पॉवर सप्लायवर व एसएसडीवर खर्च करावा. प्रोसेसर स्वतः क्वचितच बिघडतो.

वरच्या वर्गात हा विषय घेताना प्रथम तुलनेचे उदाहरण फळ्यावर मांडावे, नियम विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावेत, व शेवटी पुढील प्रश्न विचारावेत :

(अ) धडधाकट प्रोसेसरही निरुपयोगी का ठरू शकतो?

(आ) स्पर्शबिंदूंची संख्या सारखी असली म्हणजे प्रोसेसर बसेलच काय?

(इ) तुमच्या घरी संगणक घ्यावयाचा झाल्यास दुकानदारास कोणते तीन प्रश्न विचाराल?