आधी साठवा, मग चालू करा

आमच्या गोंदिया जिल्ह्यात कोहळी समाजाने खोदलेले मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. त्यांच्या पाळीवर बसवायची, पाण्याची पातळी मोजून रेडिओने कळवणारी छोटी यंत्रं मी बनवतो. बॅटरी नाही, तळहाताएवढी सोलर पट्टी आणि सुपरकपॅसिटर. सेन्सर, रेडिओ बाजारात मिळतात. खरं कसब व्होल्टेज बघून आपणहून चालू-बंद होणाऱ्या स्विचमध्ये आहे.

१. राखणदाराचा, म्हणजे व्होल्टेजवर नजर ठेवणाऱ्या रेझिस्टरांचा, पगार आधी मोजा. ५ व्होल्टवर १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले, की २५० मायक्रोअँपिअर त्यांतच जातात. श्रावणातल्या झाकोळात छोट्या पट्टीला तेवढंही जड जातं. ५-५ मेगाओहमचे घ्या. खर्च अर्ध्या मायक्रोअँपिअरवर येतो.

२. चालू आणि बंद होण्याच्या व्होल्टेजमध्ये भरपूर अंतर हवं. सगळ्यात जास्त यंत्रं इथेच अडतात. नाण्याच्या आकाराच्या सुपरकपॅसिटरचा अंतर्गत रोध ३० ओहमपर्यंत असू शकतो. रेडिओने ३० मिलिअँपिअर ओढले, की व्होल्टेज तडक ०.९ ने खाली. अंतर अर्ध्या व्होल्टचं असेल तर स्विच बंद होतो, भार सुटताच व्होल्टेज वर येतं, स्विच पुन्हा चालू. अशी फडफड चालते आणि एकही संदेश पुरा जात नाही. मी ४.५ ला चालू, ३ ला बंद ठेवतो.

३. पहाटेची परीक्षा घ्या. कपॅसिटर पूर्ण रिकामा असताना व्होल्टेज अगदी हळू चढतं. त्या वेळी स्विचमधला मॉसफेट अर्धवट उघडा राहिला, तर आलेली वीज तिथेच संपते आणि यंत्र दिवसभर उठत नाही. पी-चॅनल मॉसफेटच्या गेटपासून सोर्सला मोठा रेझिस्टर लावा. टेबलावरचा पॉवर सप्लाय क्षणात ५ व्होल्ट देतो, त्यात हा दोष दिसतच नाही.

४. स्विचने प्लस तोडा, ग्राउंड नको. नाहीतर सिग्नलच्या तारांतून वीज झिरपते.

५. मेगाओहमच्या सर्किटला ओल आणि सोल्डरिंगचा फ्लक्स दोन्ही वैरी. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळवा, वर लेप द्या. मे महिन्यातल्या उन्हासाठी वेगळी चाचणी हवीच, कारण दर १० अंशांना सेमीकंडक्टरची गळती साधारण दुप्पट होते.

६. साध्या मल्टिमीटरचा रोधही १० मेगाओहमच असतो, म्हणजे मोजतानाच आकडा बिघडतो. विद्यार्थ्यांनो, गळती मोजायला त्याऐवजी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरून सर्किटला जोडा, मीटर अधूनमधून फक्त टेकवा. सेकंदाला १ मिलिव्होल्ट उतरला तर गळती १ मायक्रोअँपिअर. कपॅसिटरची स्वतःची गळती आधी मोजून वजा करा, मगच आकडा वहीत लिहा.