गडावरची हवा बाटलीत

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीचे वेध लागतात. जागा ठरते, वर्गणी ठरते, डब्यात काय न्यायचे तेही ठरते. ठरत नाही ती एकच गोष्ट : तेथे जाऊन शोधायचे काय? विद्यार्थी मित्रहो, या वर्षी निघताना एक प्रश्न बरोबर घ्या. मात्र त्याचे उत्तर मोजल्याशिवाय मिळू नये. नमुन्यादाखल असे समजू या, की पुण्यातील एक शाळा सिंहगडावर जाणार आहे. प्रश्न असा : शाळेपेक्षा गड किती उंच आहे?

हा प्रश्न पट्टीने सुटणार नाही. हवेच्या दाबाने सुटेल.

पावणेचारशे वर्षांपूर्वीची सहल

एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्या पात्रात उपडी केली, तर सगळा पारा खाली उतरत नाही. सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ नळीत टिकून राहतो. बाहेरच्या हवेचा भार त्याला तोलून धरतो, असे इटलीतील टॉरिचेलीने १६४४ च्या सुमारास प्रतिपादन केले. फ्रान्समधील ब्लेझ पास्कलने पुढचा विचार केला. हे खरे असेल, तर डोंगरमाथ्यावर डोक्यावरची हवा कमी असल्याने पाऱ्याचा स्तंभही आखूड झाला पाहिजे!

पास्कल होता पॅरिसला. त्याने क्लेरमां येथे राहणाऱ्या फ्लोरां पेरिये या आपल्या मेहुण्याला पत्र लिहिले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये गावातील काही मंडळींसह प्वी द डोम हा डोंगर चढला. निघण्यापूर्वी त्याने पायथ्याच्या मठात दोन नळ्या भरल्या. दोन्हींत पारा सारख्याच उंचीवर होता. एक नळी तेथेच ठेवली आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवण्याचे काम एका धर्मगुरूवर सोपवले. दुसरी वर नेली. माथ्यावर स्तंभ सुमारे साडेआठ सेंटिमीटरांनी आखूड भरला. पेरियेने माथ्यावरच आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात अशा पाच ठिकाणी मोजून पाहिले. उत्तर तेच. परतताना मध्ये एके ठिकाणी मोजले, तेव्हा स्तंभ मधल्याच उंचीचा निघाला. खालच्या नळीतला पारा मात्र दिवसभर हलला नव्हता.

आता विचार करा : खालची नळी नसती तर? ‘पारा उतरला तो हवामान बदलल्यामुळे’ असे कोणीही म्हणू शकला असता. त्या शंकेला उत्तर दिले ते डोंगर न चढलेल्या माणसाने.

आपला प्रयोग

पाऱ्याची वाफ विषारी असते, म्हणून पारा सहलीला न्यायचा नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाच्या, कोरड्या, सारख्या अशा दोन काचेच्या बाटल्या घ्या. काठोकाठ पाणी भरून त्यांची धारकता आधी मोजून ठेवा आणि त्या पुन्हा नीट वाळवा.

गडावर पोहोचल्यावर बाटली उघडून पंधरा मिनिटे सावलीत ठेवा. शेजारी तापमापक ठेवा. बरोबर ठरलेल्या वेळी, समजा अकरा वाजता, तापमान टिपून झाकण घट्ट लावा. तळहाताच्या उबेने आतली हवा तापू नये म्हणून बाटली फडक्याने धरा. त्याच अकराच्या ठोक्याला शाळेतील गटाने दुसरी बाटली त्याच रीतीने बंद करावी.

संध्याकाळी शाळेत दोन्ही बाटल्या पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटे बुडवून ठेवा. म्हणजे आतली हवा पाण्याच्या तापमानाला येईल. मग गडावरची बाटली पाण्याखालीच तोंड खाली करून उघडा. पाणी आत शिरेल, कारण गडावरची विरळ हवा येथल्या जास्त दाबाखाली आक्रसते. आतली व बाहेरची पाण्याची पातळी एक करा, झाकण लावा आणि आत शिरलेले पाणी मोजपात्राने मोजा. पातळी जुळवणे विसरू नका. १० सेंटिमीटर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या शेकडा एक इतका भरतो.

हिशेब

समजा बाटली १००० मिलिलिटरची आहे, गडावर तापमान २४ अंश सेल्सिअस होते, बादलीत २७ अंश आहे आणि आत ७३ मिलिलिटर पाणी शिरले. म्हणजे हवा उरली ९२७ मिलिलिटर. ती ३ अंशांनी तापून थोडी फुगली आहे. चार्ल्सच्या नियमाने ९२७ ला २९७ ने गुणून ३०० ने भागा. येतात सुमारे ९१८. म्हणजे बॉईलच्या नियमानुसार गडावरचा दाब शाळेतल्या दाबाच्या ०.९१८ पट.

याची उंची कशी करायची? समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १,०१,००० न्यूटन असतो आणि एक घनमीटर हवेचे वजन साधारण ११.५ न्यूटन. हवा वरपर्यंत सारखीच दाट असती, तर तिचा थर ८,८०० मीटर जाडीचा झाला असता. त्याचा शेकडा एक म्हणजे ८८ मीटर. वर हवा विरळ होते, पण दाबही त्याच प्रमाणात घटतो. म्हणून दर ८८ मीटरला उरलेल्या दाबाचा शेकडा एक कमी होतो. हे चक्रवाढ व्याजच आहे, फक्त उलटे! ०.९९ चा आठवा घात ०.९२३ आणि नववा ०.९१४. आपले ०.९१८ साधारण मधोमध, म्हणजे साडेआठ पायऱ्या. ८.५ गुणिले ८८ बरोबर ७४८ मीटर. नकाशावर सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आणि पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. एका बाटलीसाठी हे उत्तर वाईट नाही.

खाली राहणाऱ्याचे काम

आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. हा चढउतार लहान असला, तरी त्याने आपल्या उत्तरात तीसेक मीटरची चूक सहज शिरते. अकराला बंद केलेली गडावरची बाटली पाचला उघडली, तर ही चूक नेमकी आपल्या पदरी पडते. ती पकडते शाळेतली बाटली. तिच्यात पाणी शिरले तर ते मोजा, बुडबुडे बाहेर आले तर ते पाण्याने भरलेल्या उपड्या मोजपात्रात धरा आणि तोच हिशेब करा. गडाच्या बाटलीच्या उत्तराला शाळेच्या बाटलीच्या उत्तराने भागले की अकरा वाजताचे खरे गुणोत्तर मिळते.

शिक्षकांना एक विनंती. प्रत्येक वर्गात वर्गणी परवडत नाही म्हणून किंवा दम लागतो म्हणून मागे राहणारी दोन-चार मुले असतात. त्यांच्यासाठी मदतनिधी काढावा, बस पायथ्यापर्यंतच नव्हे, तर घाटरस्त्याने वरपर्यंत न्यावी, हे आधी. खालचे काम अशा मुलांच्या माथी मारू नये, ते चिठ्ठ्या टाकून वाटावे. तरीही ज्याला राहावे लागेल, त्याचा तो दिवस रिकामा जाऊ नये. त्याच्या बाटलीवाचून गडावरच्या चाळीस मुलांचे उत्तर अपुरे आहे, हे सर्वांसमक्ष सांगावे. प्रयोगाच्या अहवालात त्याचे नाव इतरांच्या बरोबरीने यावे.

करून पाहा

१. तापमान मोजताना एका अंशाची चूक झाली, तर उंचीत किती मीटरची चूक होईल?

२. वाटेत मध्यावर तिसरी बाटली बंद करा. उत्तर दोन्हींच्या मधले येते का?

३. काही मोबाइल फोनमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय असते. आपले उत्तर लिहून झाल्यावरच त्याच्याशी ताडून पाहा आणि फरक पडला तर त्याचे कारण शोधा.